आधी तेल, मग हार

मित्रांनो, मी एक जुनं इंजिन आहे आणि मला राग आलेला आहे.

दोन्ही गोष्टी एकदम सांगून टाकल्या. आपली कहाणी सांगणाऱ्या वस्तूंनी आधी गोड बोलावं, मग कष्ट सांगावेत आणि शेवटी हळूच हात जोडावेत अशी पद्धत आहे, हे मला माहीत आहे. फाटकी छत्री असं करते, जुनी सायकल असं करते. त्यांचं वजन कमी, त्यांना ते शोभतं. माझं वजन शंभर टनांच्या वर आहे. एवढ्या वजनाला अजिजी करता येत नाही.

मी सध्या विट्याच्या बाहेर, हमरस्त्याला लागून, ‘हॉटेल जंक्शन’ नावाच्या फॅमिली गार्डनच्या दारात उभा आहे. विट्याला रेल्वे नाही. स्टेशन गाठायचं तर आधी एसटी पकडावी लागते. तरीही हे जंक्शन आहे आणि त्याच्या दारात मी आहे. माझ्याखाली रुळांचे दोन तुकडे टाकलेत. ते माझ्या पहिल्या चाकापुढे वीतभर जाऊन संपतात आणि शेवटच्या चाकामागे वीतभर जाऊन संपतात. म्हणजे उद्या मला जावंसं वाटलंच, तर कुठे जायचं हा प्रश्न मालकांनी आधीच सोडवून ठेवलाय.

माझ्या अंगावर एक पाटी आहे: ‘इंग्रजांच्या काळातील कोळशाचे इंजिन’. माझ्या डोक्यावर फायबरचं धुराडं आहे. त्या धुराड्यात, लग्नात नवरानवरी स्टेजवर येताना सोडतात ना, ते धुराचं मशीन ठेवलंय. संध्याकाळी गिऱ्हाईक वाढलं की वेटर बटण दाबतो आणि माझ्यातून पांढरा धूर निघतो. त्याला गुलाबाचा वास येतो. समोर उभी असलेली माणसं म्हणतात, “वा! काय इंजिन आहे!” आणि माझ्याकडे पाठ करून स्वतःचा फोटो काढतात.

मित्रांनो, मी डिझेल-इलेक्ट्रिक इंजिन आहे. इंग्रज गेल्यावर वीसएक वर्षांनी जन्मलो. आयुष्यात कोळशाचा एक खडा खाल्लेला नाही. वाघिणी भरभरून कोळसा ओढला, हे खरं. पण म्हणून मला कोळशाचं इंजिन म्हणायचं, तर सांगलीच्या पेठेतले हमाल हळदीचं पोतं पाठीवर घेतात म्हणून ते हळद खाऊन जगतात असंही म्हणा.

आता ‘डिझेल-इलेक्ट्रिक’ म्हणजे काय ते सांगतो. शांतपणे सांगायचा प्रयत्न करतो.

लोकांना वाटतं की डिझेल जळतं आणि चाकं फिरतात. नाही. तुम्ही लग्नाला जाता तेव्हा मांडवामागे एक जनरेटर धडधडत असतो. तो डिझेल पितो, वीज करतो, आणि त्या विजेवर मांडवातली माळ लागते, पंखे फिरतात. मी म्हणजे तसा एक प्रचंड जनरेटर आहे. फक्त तो चाकांवर बसवलाय आणि आपली वरात आपणच ओढतो. माझ्या पोटात सोळा सिलिंडरचं डिझेल इंजिन आहे. ते जनरेटर फिरवतं. जनरेटरची वीज खाली सहा मोटारींना जाते, प्रत्येक आसाला एक. चाकं फिरवतात त्या मोटारी.

एवढा द्राविडी प्राणायाम कशाला, असं तुमच्यातला एखादा हुशार विचारेल. विचारावंच. डिझेलचं एक दुखणं आहे. उभ्या जागेवरून त्याला जोर लावता येत नाही. आधी ते फिरायला लागतं, मग क्लच, मग गिअर. मोटरसायकलला ते चालतं. पण मागे हजारो टनांची मालगाडी असेल आणि तुम्ही गिअर टाकलात, तर दात्यांचे चुरमुरे होतील. विजेच्या मोटारीचं नेमकं उलटं. ती उभ्या जागेवरच सगळ्यात जास्त जोर लावते. म्हणून डिझेलनं पोटात राबायचं आणि विजेनं खाली ओढायचं, असा हा संसार. ज्यानं कुणी हे पहिल्यांदा जुळवलं त्याच्या डोक्याला माझा नमस्कार. ज्यानं माझ्या डोक्यावर धुराडं बसवलं त्याच्या डोक्याबद्दल पुढे बोलू.

माझा आराखडा अमेरिकेतला. माझी थोरली भावंडं बोटीत बसून आली. मी मात्र बनारसला, इथल्याच हातांनी घडलो. पुढे पुणे-मिरज मार्गाचे रूळ रुंद झाले आणि मी इकडे आलो. लोणंद सोडलं की सालपे आणि आदर्कीचा घाट लागायचा. तिथे माझी परीक्षा व्हायची. कोरेगावकडचे भाऊसो नावाचे एक ड्रायव्हर होते. घाटाच्या तोंडाशी ते हँडल एकेक घर पुढे सरकवायचे आणि माझ्या पत्र्यावर थाप मारून म्हणायचे, “दम धर गड्या, लय न्हाई आता.” लय असायचं. पण मी दम धरायचो. जोर वाढवला की माझ्या नळीतून काळाकुट्ट धूर निघायचा, खालच्या शिवारातली माणसं तोंडाला पदर लावायची. तो धूर माझा होता. त्याला गुलाबाचा वास नव्हता.

परतताना तोच घाट उतार व्हायचा. तेव्हा भाऊसो त्याच सहा मोटारी उलट्या कामाला लावायचे. आता मोटारी चाकं फिरवत नसत, चाकंच मोटारींना फिरवत. त्यांतून वीज निघायची, ती वरच्या जाळ्यांमध्ये जाऊन नुसती तापायची आणि उष्णता होऊन उडून जायची. पण त्या खटाटोपात गाडी आवरली जायची. एवढा मोठा जोर कुणालाही इजा न करता हवेत सोडून देण्याची ही विद्या मला येते. म्हणूनच पाटी वाचूनसुद्धा मी अजून जागेवर उभा आहे.

मी काय काय ओढलं म्हणून सांगू? सांगलीच्या मालधक्क्यावर हळदीच्या पोत्यांनी फलाट पिवळा व्हायचा, माझी चाकंसुद्धा हळद लावल्यासारखी दिसायची. गुळाच्या ढेपा भरलेल्या डब्यांबरोबर गांधीलमाशा विनातिकीट पुण्यापर्यंत यायच्या. सातारा, कोरेगाव, रहिमतपूर या स्टेशनांवर काळ्या ट्रंका घेऊन फौजी उतरायचे आणि फौजी चढायचे. उतरणाऱ्यांच्या आया धावत पुढे यायच्या. चढणाऱ्यांच्या आया जागच्या हलायच्या नाहीत. मला पुढे बघायचं असतं, मागे नाही. पण गाडी हलताना जो एक धक्का बसतो तो अशा वेळी भाऊसो बसू देत नसत. इतक्या हळू सुरू करायचे की गाडी निघाल्याचं त्या आयांना उशिरा कळायचं.

आणि ताकारी स्टेशनवर चढायची ती विट्याकडची पोरं. सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचा धंदा शिकायला निघालेली. गलाईवाले म्हणतात त्यांना. मिरजेला गाडी बदलून ती पार मद्रास, कोचीन, कुठे कुठे जायची. बहुतेकांनी समुद्र सोडा, सांगलीसुद्धा पाहिलेली नसायची.

पुण्याच्या शेडमध्ये माझी देखभाल व्हायची. तिथे मानसिंग नावाचे फोरमन होते, कराडकडचे, मिशी आणि आवाज दोन्ही भारदस्त. तुम्हाला ठाऊकच असेल, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, आपल्याकडे हत्यारांची पूजा असते. शेतकरी विळा-कोयता पुजतो, सुतार रंधा पुजतो. शेडमध्ये आम्हाला पुजायचे. एका वर्षी एका नव्या फिटरनं उत्साहात सकाळीच माझ्या गळ्यात झेंडूचा हार घातला. मानसिंग आले, बघितलं, म्हणाले,

“ह्येच्या आसांना तेल दिलंस?”

“न्हाई साहेब, पूजा झाली की देतो.”

“काढ त्यो हार. पावण्याला आंघुळीआधी फेटा बांधतूस व्हय रं? आधी तेल, मग हार.”

हार निघाला. मला पुसलं, तेल दिलं, ग्रीस भरलं, आणि मग तोच हार पुन्हा घातला. मित्रांनो, माझ्या आयुष्यात मी एकच प्रवचन ऐकलं आणि ते एवढंच होतं.

पुढे मार्गावर खांब उभे राहिले. खांबांवर तारा आल्या. तारांखालून धावणारी नवी इंजिनं आली. त्यांच्यावर माझा राग नाही. ती माझ्यासारखीच मोटारींवर चालतात. फरक एवढाच की त्यांना वीज बाहेरून आयती येते आणि मी माझी घरी करायचो. त्यांचा धूर नाही, आवाज नाही, घाटात रडारड नाही. मला मिरजेच्या यार्डात डबे इकडून तिकडे ढकलायला लावलं. मग तेही बंद झालं. एका कडेच्या रुळावर नेऊन सोडलं. माझ्या चाकांमधून बाभूळ उगवली आणि ती चांगली वाढली, कारण तिला पाणी मिळत होतं. मला तेल मिळत नव्हतं.

त्यानंतर लिलाव. बरोबरच्या इंजिनांना भंगारवाल्यांनी जागेवरच कापलं. गॅस कटरचा निळा जाळ, सुरर्र आवाज, आणि दुपारपर्यंत ओळखीचं कुणी उरायचं नाही. मला मात्र एका माणसानं अख्खं घेतलं.

त्या माणसाचं नाव नाथाजी. आता सगळे नाथाजीशेट म्हणतात. तीस-चाळीस वर्षं कोइमतूरला गलाईचं दुकान चालवून ते गावी परतले. पांढरे कपडे, बोटात दोन अंगठ्या, आणि उजव्या हाताची अनामिका टोकाला भाजून सपाट झालेली. पोरपणी भट्टीतून मूस उचलताना भाजली ती. मूस म्हणजे सोनं वितळवायचं मातीचं भांडं. लिलावाच्या जागी कुणीतरी हसून विचारलं, “शेट, एवढं मोठं धूड घेऊन करणार काय?” तेव्हा नाथाजीशेट म्हणाले,

“ताकारीच्या टेसनावर ह्येच इंजान आलं हुतं मला न्यायला. मिसरूड फुटलं नव्हतं मला. ह्येनं आमाला पोटाला लावलं. ह्येला कापू देणार न्हाई.”

त्या दिवशी आलेलं इंजिन मीच होतो का, हे मला सांगता येणार नाही. पण कापायचं नाही म्हणणारा माणूस समोर असताना आपण खोलात जाऊ नये.

माझं धड एका ट्रेलरवर, चाकांचे सांगाडे दुसऱ्या ट्रेलरवर, अशी तासगावावरून माझी मिरवणूक निघाली. आयुष्यभर दुसऱ्यांना वाहिलं. पहिल्यांदा मला कुणीतरी वाहून नेत होतं, आणि ते अत्यंत लाजिरवाणं होतं. रस्त्यात एक पोरगं ओरडलं, “आरं, रेल्वे रस्ता चुकली!” त्या दिवशीचं एवढंच वाक्य बरोबर होतं.

विट्याला आलो ती खंडेनवमी होती. नाथाजीशेटनी मुद्दाम तो दिवस धरला होता. त्यांच्या पत्नी विजयमालाबाई ताट घेऊन आल्या. नाथाजीशेट माझ्या बाजूच्या फळीवर चढले, पोटाचं दार उघडलं, आत वाकले आणि जनरेटरच्या कवचावर अनामिकेनं कुंकू लावलं. बोटाचं टोक सपाट, त्यामुळे टिळा गोल उठला नाही, चौकोनी उठला. नारळ फोडला. हार घातला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

तेल कुणी दिलं नाही.

पुढे पाऊस झाला, पत्र्याच्या फटींतून पाणी आत गेलं, दाराच्या बिजागऱ्या गंजल्या, आणि मी पुजलेल्या अवस्थेत कुजत राहिलो. एवढ्यात नाथाजीशेटचा मुलगा शिवतेज पुण्याहून एमबीए करून आला. त्याच्याजवळ कन्सेप्ट होता. धुराडं हा त्या कन्सेप्टचा पहिला भाग. पाटी दुसरा. “डिझेल म्हटलं की लोकांना ट्रक आठवतो,” तो म्हणाला, “स्टीम म्हटलं की फील येतो.” मी आदर्कीचा घाट चढलोय, मित्रांनो. मला फील येत नाही म्हणे.

या वर्षी कन्सेप्टचा तिसरा भाग निघाला. माझं पोट कापायचं. डिझेल इंजिन, जनरेटर, तांब्याच्या गुंडाळ्या, सगळं उपसून बाहेर काढायचं, आत एसी बसवायचा आणि ‘फर्स्ट क्लास फॅमिली केबिन’ करायची. उद्घाटन दसऱ्याला. पाहुणे ठरले, फ्लेक्स लागला. माझं पोट इतकं अरुंद की आत दोन माणसं समोरासमोर बसली तर एकाचा रस्सा दुसऱ्याच्या शर्टावर. पण फ्लेक्सवर ते प्रशस्त दिसत होतं. तिकडे कापण्याचं काम धुळाकडे दिलं होतं. धुळा हा आटपाडीकडचा. बापजाद्यांनी मेंढरं राखली, यानं विट्यात वेल्डिंगचं दुकान टाकलं. क्रेनवाल्यानं आज येतो उद्या येतो करत काम लांबवलं आणि कापायचा दिवस आला तो नेमका खंडेनवमीला. एसी आणि टेबलं रातोरात बसवायचं ठरलं.

सकाळी धुळा आला. धुतलेला शर्ट, कपाळाला कुंकू, हात मोकळे.

“धुळा, कटर कुठाय?” शिवतेजनं विचारलं.

“पाटावर.”

“कुठल्या पाटावर?”

“पूजेच्या. गॅस कटर, वेल्डिंगचं मशीन, हातोडा, पकड, समदी वळीनं बसल्यात. हार घालून आलोय. आता उद्या शिलंगण झाल्याबिगर उठायची न्हाईत.”

“अरे, उद्या उद्घाटन आहे! उद्या पाहुणे जेवायला येणार!”

“येऊ द्या की. मी बी येतो.”

“मी दुसरा वेल्डर आणतो.”

“आणा. आज सगळ्या विट्यात कुणाच्या दुकानात ठिणगी उडाली तर मला हाक मारा, मी बघाय येतो.”

शिवतेजनं फोन लावले. सगळे वेल्डर सापडले, सगळी हत्यारं पाटावर सापडली. मग त्याच्या डोळ्यांत एक चमक आली. एमबीएचं शिक्षण वाया जात नाही. तो ऑफिसात गेला आणि ऑनलाइन मागवलेला एक कटिंग ग्राइंडर घेऊन आला, अजून खोक्यात.

“हा पूजेला बसलेला नाही,” तो म्हणाला. “याचं सीलसुद्धा फोडलेलं नाही. आता बोल.”

धुळानं खोक्याकडे बघितलं, शिवतेजकडे बघितलं. “ग्राइंडर तुमचा मोकळा हाय मालक. माजं हात मोकळं न्हाईत.”

तेवढ्यात नाथाजीशेट घरची पूजा आटोपून आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि त्यांचा पारा चढला. उद्याच्या पाहुण्यांची काळजी होती, मुलासमोर अडल्याची लाज होती. राग निघाला धुळावर.

“आरं, इंजान म्हंजे काय देव लागून गेला व्हय? भंगाराच्या लिलावात घेतलंया मी. माल हाय त्यो, माल! दे शिवतेज हिकडं, मीच कापतो.”

मित्रांनो, सांगतो ते ऐका. ‘ह्येला कापू देणार न्हाई’ म्हणणारा माणूस हातात ग्राइंडर घेऊन माझ्या फळीवर चढत होता. मिरजेच्या यार्डात कापली गेलेली माझी भावंडं परक्यांनी कापली. माझा राग त्या क्षणी इतका होता की उतारावर असतो तर सगळ्या जाळ्या लाल झाल्या असत्या. पण मी सपाटीला होतो, आणि पुढे वीतभरच रूळ होता.

“काय म्हणालासा?”

खाली विजयमालाबाई उभ्या होत्या. हातात ताट. हळद, कुंकू, निरांजन, हार. गेल्या वर्षीसारखी पूजा करायला आल्या होत्या.

“तू घरला जा विजे,” नाथाजीशेट म्हणाले. “हितं काम हाय.”

“मी इचारलं, काय म्हणालासा. माल म्हणालासा न्हवं?”

“मग काय म्हनू?”

“आवं, माल हाय का हत्यार हाय, ते एकदा ठरवा. मी ताट घिऊन उभी हाय.”

इथं तुम्हाला एक सांगायला हवं. नाथाजीशेटच्या घराण्यात, धंद्यात असल्यापासून, जगाचे दोनच भाग आहेत: माल आणि हत्यार. माल कितीही सुंदर असो, कुणाच्या आजीच्या पाटल्या असोत की तुटका हार, तो मुशीत जातो आणि पाणी होतो. तिथं दया नाही. दया केली तर धंदा नाही. पण हत्यार मुशीत जात नाही. आणि हत्यार कुठलं? तर ज्याला खंडेनवमीला घरच्या माणसाच्या बोटानं कुंकू लागलं ते. नाथाजीशेटच्या वडिलांची सांडशी, मूस उचलायचा तो लांब लोखंडी चिमटा, आज दोन्ही टोकांनी वाकडी, कशाच्याही उपयोगाची नाही. पण ती लाल फडक्यात गुंडाळून देव्हाऱ्याशेजारी आहे आणि आज सकाळीच पाटावर बसली होती.

विजयमालाबाई साडी आवरून ताटासकट फळीवर चढल्या, ताट कडेला टेकवलं. नवऱ्याला बाजूला सारलं आणि माझ्या पोटाचं दार ओढलं. गंजलेली बिजागरी अशी किंचाळली की झाडावरचे कावळे उडाले. त्यांनी आत बोट दाखवलं.

“ह्यो टिळा कुणाचा?”

जनरेटरच्या कवचावर वर्षापूर्वीचं कुंकू होतं. सुकलेलं, काळपट. चौकोनी.

“मम्मी, ती फॉर्मॅलिटी होती,” शिवतेज खालून म्हणाला. “फोटोसाठी.”

“फोटोसाठी? बरं. मग घरातली सांडशी बी गाळू या. तीबी भंगारच हाय, वाकडी. फोटो हायेत तिचे बी.”

“सांडशीचं नाव काढू नगंस,” नाथाजीशेट एकदम बोलले.

“का?”

“तात्यांची हाय ती.”

“आणि ह्यो टिळा कुणाच्या बापाचा?”

खाली धुळानं तोंड फिरवलं. त्याला हसू आलं होतं का आणखी काही, मला दिसलं नाही. नाथाजीशेट त्या टिळ्याकडे बघत उभे राहिले. मग आपल्या सपाट बोटाकडे. बाई निरांजनावर हात धरून वारा अडवत राहिल्या.

“शिवतेज.”

“हां पप्पा.”

“टेबलं भाईर मांड. झाडाखाली.”

“पण पप्पा, कन्सेप्ट—”

“कन्सेप्ट बी झाडाखालीच मांड.”

ग्राइंडर खोक्यात गेला. बाईंनी जुन्या टिळ्यावर नवं कुंकू लावलं, निरांजन ओवाळलं, हार घातला.

अशा रीतीनं मी वाचलो. आता तुम्ही म्हणाल, झालं ना, राग गेला असेल. नाही गेला. कसा जाईल?

दुसऱ्या दिवशी दसरा. सोनं गाळणाऱ्यांच्या गावात माणसं एकमेकांना आपट्याची पानं देऊन “सोनं घ्या” म्हणाली आणि कुणी हसलं नाही. पाहुणे आले, झाडाखाली जेवले, मागच्या टेबलावर धुळाही जेवला. माझ्या धुराड्यातून गुलाबाचा धूर निघाला. एका लहान मुलीनं बापाला विचारलं, “पप्पा, ह्ये कोळसा कुठनं खातंय?” बापानं माझ्या पंख्याची जाळी दाखवली, जिथून मी गरम हवा बाहेर टाकायचो. तिथून म्हणे कोळसा घालायचे. पोरीनं लक्षपूर्वक बघितलं. ती आता आयुष्यभर ते विसरणार नाही.

मित्रांनो, मी वाचलो तो कुंकवामुळे. मी आदर्कीचा घाट चढलो म्हणून नाही, माझ्या पोटात अशी काही करामत आहे की जी नव्या इंजिनांच्याही पोटात चालते, म्हणून नाही. एका चौकोनी टिळ्यामुळे. त्या टिळ्याचा मी ऋणी आहे. विजयमालाबाईंचा तर आहेच. पण कुंकवानं गंज थांबत नाही. आपल्याकडे एखाद्या वस्तूला पुजलं की तिची काळजी घेतली असं सगळ्यांना मनापासून वाटतं. गावच्या नव्या पंपाला नारळ फुटतो, एसटीला हार पडतो, शाळेच्या कॉम्प्युटरला गंध लागतं. मग वर्षभर पंपाचं पॅकिंग गळतं, एसटीचा ब्रेक किंचाळतो, कॉम्प्युटरवर कापड घालून ठेवतात आणि कापडावर धूळ. पुढच्या नवमीला पुन्हा हार. भक्तीत कुठे कसूर नाही. कसूर एका पळीभर तेलाची आहे. मला पुजू नका असं मी म्हणत नाही. मानसिंग फोरमनही तसं म्हणाले नव्हते. त्यांनी फक्त क्रम सांगितला होता.

हे सगळं मी रागानं सांगतोय. पण कालची गोष्टही सांगायला हवी, नाहीतर मी खोटा ठरेन. आणि माझ्या अंगावर खोटं आधीच पुरेसं लिहिलेलं आहे.

काल सकाळी विजयमालाबाई पूजेचं ताट न्यायला आल्या. कोमेजलेला हार काढला. दार लावायला गेल्या तर बिजागरी पुन्हा तशीच किंचाळली. त्यांनी कानावर हात ठेवला.

“ऐकवत न्हाई बाई,” त्या स्वतःशीच म्हणाल्या. निरांजनात उरलेलं गोडेतेल त्यांनी बोटावर घेतलं आणि वरच्या बिजागरीला चोळलं. मग खालच्या. दार थोडं हलवलं, पुन्हा चोळलं. यात भक्ती नव्हती. कानाला त्रास होत होता, एवढंच.

धुळा उद्घाटनाचा फ्लेक्स उतरवायला आला होता. त्याला त्यांनी हाक मारली.

“धुळा, तुजी हत्यारं उठली न्हवं?”

“उठली की काकी.”

“मग येताना ग्रीसचा डबा घिऊन ये. आणि वरनं पाणी कुठनं शिरतंय ते बघ.”

“शेट काय म्हनतील?”

“शेट म्हनतील, हत्यार हाय. हत्याराला गंज चढू देत न्हाईत.”

दिव्याचं गोडेतेल इंजिनाच्या बिजागरीला! मानसिंग फोरमननी बघितलं असतं तर आधी डोक्याला हात लावला असता आणि मग अख्ख्या शेडला ऐकवलं असतं.

पण दार लागलं. आवाज न करता लागलं.

मित्रांनो, आता ती पाटी तेवढी काढा.